चौकशीत नसलेला पुरावा आहे म्हणून सांगावं का?

तळटीप

मंडळी, एका चौकशी समितीवर माझं नाव घातलं गेलंय. सोमवारपासून एकेक जण समोर येऊन बसेल. त्याआधी इथल्या जाणत्यांशी बोलून घ्यावं म्हणून हा धागा.

प्रकरण तसं साधं आहे. ऑफिसच्या स्टोअररूममधून काही हार्ड डिस्क गेल्या. खोलीची किल्ली तिघांकडे असते. त्यातले दोघं जुने, मुरलेले. तिसरा कंत्राटी मुलगा, वयानं लहान, नोकरीत नवा. सगळ्यांचं बोट त्याच्याकडे आहे, कारण पहिल्यांदा सहज विचारलं तेव्हा तो गडबडला, नजर चुकवली, पाणी मागितलं. बाकीचे दोघं शांत होते. पुरावा म्हणाल तर एवढाच. दारावर कॅमेरा आहे, पण त्या दिवसांचं रेकॉर्डिंग झालेलंच नाही. हे मला, साहेबांना आणि आयटीच्या एका माणसाला सोडून कुणाला माहीत नाही.

साहेबांचा सल्ला असा: "त्याला एकट्याला आत घ्या, दार लावा, समोर एक जाड फाईल ठेवा आणि सांगा, फुटेजमध्ये तू स्पष्ट दिसतोयस. निर्दोष असेल तर म्हणेल, दाखवा. चोर असेल तर पाच मिनिटांत पोपटासारखा बोलेल." ऐकायला बिनतोड आहे. तरी घशाखाली उतरत नाहीये, आणि का उतरत नाहीये हे मला नीट मांडता येत नाहीये. त्या मुलाला कुणी हात लावणार नाही, कुणी ओरडणारही नाही. एक खोटं वाक्य, बस्स.

दुसरं असं की मी नोकरीच्या मुलाखतीही घेते. तिथेसुद्धा आम्ही उमेदवाराला मुद्दाम अडचणीत टाकतो. एकानं गोड बोलायचं, दुसऱ्यानं कपाळाला आठ्या घालून बसायचं, हे आधीच ठरलेलं असतं. उत्तर संपलं तरी मुद्दाम गप्प राहायचं, म्हणजे समोरचा घाबरून आणखी बोलतो. हे चालतं तर ते का नाही? की हेही चालायला नको? मुलाखत, खात्याची चौकशी, पोलिसी तपास, थर्ड डिग्री, हे सगळे एकाच रस्त्यावरचे थांबे आहेत, की रस्तेच वेगळे?

उपदेश नको, अनुभव हवेत. कायद्यातलं कुणाला माहीत असेल तर तेही सांगा.

सडेतोड

साहेबांचं बरोबर आहे. खडा टाकून बघायला काय जातं? कर नाही त्याला डर कशाला? निर्दोष माणूस "दाखवा फुटेज" म्हणेल आणि विषय संपेल. नैतिकतेचा काथ्याकूट करत बसलात तर तोवर माल विकून मोकळा होईल तो. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे जुन्या लोकांनी उगाच म्हटलेलं नाही.

जुना_जबाब

ताई, माझं आयुष्य तपासात गेलं, आता निवृत्त आहे. "कर नाही त्याला डर कशाला" हे वाक्य मी भरपूर ऐकलंय. म्हणणारा कायम टेबलाच्या अलीकडे बसलेला असायचा.

आधी त्या गडबडण्याचं बघू. नजर चुकवली, घाम आला, पाणी मागितलं, यावरून चोर ओळखता येतो असं आमच्यातल्या बहुतेकांना वाटतं. या विषयावरच्या ढीगभर प्रयोगांचा एकत्र हिशेब २००६ साली प्रसिद्ध झाला. खरं कोण बोलतंय आणि खोटं कोण, हे माणसं शंभरात सरासरी ५४ वेळा बरोबर सांगतात. नाणं उडवलं तरी ५० येतात. आणि पोलिसांसारखे मुरलेले लोकही त्याहून फार पुढे जात नाहीत. त्यांचा आत्मविश्वास मात्र दांडगा असतो. कंत्राटी पोराला नोकरी जायची भीती आहे. जुन्या दोघांना नाही. तो गडबडला यातून तुम्हाला एवढंच कळलं की तो कंत्राटी आहे.

आता साहेबांचा "निर्दोष असेल तर म्हणेल, दाखवा" हा मुद्दा. तो तपासून झालेला आहे. १९९६ साली अमेरिकेत कॅसिन आणि कीशेल या दोघांनी विद्यार्थ्यांना संगणकावर बसवलं. एक जण अक्षरं वाचणार, विद्यार्थ्यानं ती टंकायची. एक विशिष्ट कळ दाबायची नाही, दाबली तर यंत्र बंद पडेल आणि माहिती जाईल, असं आधी बजावलेलं. थोड्या वेळानं यंत्र आपोआप बंद पडायचं, तशी व्यवस्थाच होती. मग आरोप: तू ती कळ दाबलीस. कुणीही दाबलेली नव्हती. काहींच्या बाबतीत शेजारचा सामील माणूस म्हणायचा, "मी बघितलं, यानं दाबली." ज्यांना भराभर टंकायला लावलं होतं आणि वर हा खोटा साक्षीदारही होता, त्या गटातल्या एकूण एक विद्यार्थ्यानं कबुलीवर सही केली. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना आपण खरंच दाबली असं वाटायला लागलं. आणि सुमारे एकतृतीयांश लोकांनी कशी दाबली याचे तपशीलही सांगितले. हाताची कड लागली, अमुक अक्षराच्या वेळी लागली, वगैरे. न घडलेल्या गोष्टीचे तपशील!

तुम्ही म्हणाल, तिथे पणाला काही लागलं नव्हतं. मग खरं प्रकरण घ्या. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात १९५५ साली एका तरुण वनाधिकाऱ्याच्या बायकोचा खून झाला. त्याची चौकशी करायला शिकागोहून जॉन रीडला बोलावलं. हा त्या काळातला खोटं पकडणारा नामवंत माणूस. पुढे त्याच्याच नावानं चौकशीची एक पद्धत अमेरिकाभर शिकवली गेली: आधी वागणुकीवरून दोषी ठरवायचा, मग "तूच केलंस हे आम्हाला माहीत आहे" असं ठासून सांगत राहायचं, त्याचं नाकारणं मध्येच तोडायचं, आणि शेवटी "रागाच्या भरात झालं असेल, समजू शकतो" अशी एक सोपी पळवाट पुढे करायची. काही तासांत त्या नवऱ्यानं कबुली दिली. दुसऱ्या दिवशी ती नाकारली, पण ऐकतो कोण. जन्मठेप झाली. खरा खुनी दुसराच होता. राज्यानं या माणसाला निर्दोष मानून माफी मागितली आणि ५ लाख डॉलर दिले ते २०१२ साली. म्हणजे पद्धतीच्या जनकाच्याच हातून मिळालेली कबुली, आणि तीच खोटी.

आणि तुमच्या साहेबांचा डाव तर इंग्लंडमधल्या एका खटल्यात जसाच्या तसा आहे. मेसन खटला, १९८७. आग लावल्याचा आरोप, पुरावा तुटपुंजा. पोलिसांनी संशयिताला आणि त्याच्या वकिलालाही सांगितलं की बाटलीच्या काचेवर तुझ्या बोटाचा ठसा सापडलाय. ठसा नव्हताच. वकिलानं खोट्या माहितीवर सल्ला दिला, त्यानं कबूल केलं. अपिलात न्यायालयानं ती कबुली पुराव्यातून काढून टाकली आणि शिक्षा रद्द केली. पोलिसांना चांगलं फैलावर घेतलं, त्यातही वकिलाशी खोटं बोलल्याबद्दल जास्त.

माझ्या लेखी यातली खरी अडचण अशी आहे. माणूस तुमच्यासमोर बोलायला लागतो तेव्हा त्याच्या डोक्यात जे आहे ते तुम्हाला हवं असतं. तुम्ही त्याला "फुटेजमध्ये दिसतोयस" म्हणालात की त्यात तुमच्या डोक्यातलं मिसळलं. त्यानंतर तो जे सांगेल त्यातलं त्याचं किती आणि तुमचं किती, हे तुमचं तुम्हालाही सांगता येणार नाही. मारहाणीत हेच होतं, फक्त शंभरपट. मार खाणारा माणूस आठवत नसतो, तो तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतो, कुठल्या शब्दावर हात थांबतो ते शोधत.

म्हणून कबुली मिळाली की माझा पहिला प्रश्न असायचा: तपशील आधी कुणाच्या तोंडून आले? न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९८९ साली एका बाईवर हल्ला आणि बलात्कार झाला. १४ ते १६ वर्षांची पाच मुलं धरली. त्यातल्या चौघांच्या कबुल्या कॅमेऱ्यावर आहेत, बघणाऱ्याला खऱ्या वाटाव्यात अशा. पण कॅमेरा सुरू झाला तो कित्येक तासांच्या चौकशीनंतर. ते तास कुठेच नोंदलेले नाहीत. मुलं एकमेकांशी न जुळणारं बोलत होती, तरी शिक्षा झाली. २००२ साली दुसऱ्याच माणसानं गुन्हा कबूल केला, डीएनए त्याचाच निघाला, तेव्हा शिक्षा रद्द झाल्या.

तुमच्या सोमवारसाठी सांगतो. तिघांनाही बोलवा, एकट्या त्याला नको. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. दार लावायचं तर त्याची खुर्ची दाराच्या बाजूला ठेवा, तुमची आत. त्याला सोबत कुणाला आणायचं असेल तर आणू द्या. रेकॉर्डिंग पहिल्या नमस्कारापासून, "आता जरा बोलू, मग सुरू करू" असलं काही नको. कुठल्या कप्प्यातून डिस्क गेल्या, खोकं फोडलं होतं की खोक्यासकट नेल्या, हे तुम्हाला माहीत असेल तर ते समितीबाहेर कुणाला सांगू नका आणि प्रश्नातही येऊ देऊ नका. "तू वरच्या कप्प्यातून का घेतल्यास?" असं विचारलंत की संपलं, आता वरचा कप्पा त्यालाही माहीत झाला. "शेवटचं आत गेलास त्या दिवसाचं सगळं सांग" एवढं म्हणा आणि गप्प बसा. तो थांबला की "मग?" दुसरं काही नाही. त्याचं सगळं सांगून झाल्यावर तुमच्याकडची खरी कागदपत्रं एकेक करून पुढे ठेवा. विसंगती असेल तर तिथे दिसेल.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९२च्या सुमारास पोलिसांना साधारण असंच विचारायला शिकवायला लागले. त्याआधी खोट्या कबुल्यांवर माणसं पंधरा-सोळा वर्षं आत राहिल्याची प्रकरणं उघडकीला आली होती, म्हणूनच. तरी तिथे गुन्हे उकलायचे थांबले नाहीत.

सडेतोड

काका, हार्ड डिस्कपुरतं मान्य. पण लहान मूल पळवलंय, पळवणारा हातात आहे, मूल कुठे आहे ते तो सांगत नाहीये. किंवा बॉम्ब ठेवलाय. तिथे पण "मग?" विचारून गप्प बसणार? दोन कानफटात दिल्या तर जीव वाचत असेल, तर न देणं हाच अन्याय नाही का? तत्त्व सांभाळायला दुसऱ्याचं पोर कशाला?

कलमदान

सडेतोड, तुमचं उदाहरण काल्पनिक नाही, घडलेलं आहे. फ्रँकफुर्ट, २००२. अकरा वर्षांच्या मुलाचं अपहरण, खंडणी उचलणारा माणूस सापडला, मुलाचा पत्ता सांगेना. पोलीस उपाध्यक्षांनी हाताखालच्या अधिकाऱ्याकरवी धमकी दिली की सांगितलं नाहीस तर असह्य वेदना होतील, तशी व्यवस्था केली आहे. हात लावला नाही, फक्त धमकी. त्यानं थोड्याच वेळात जागा सांगितली. तिथे मुलाचं प्रेत होतं. मूल आधीच मारलेलं होतं.

पुढे त्या उपाध्यक्षांवर आणि अधिकाऱ्यावर खटला झाला, २००४ साली दोघं दोषी ठरले. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाच्या मोठ्या पीठानं २०१० साली सांगितलं की नुसती धमकी हीसुद्धा अमानुष वागणूक होती, आणि हेतू मुलाचा जीव वाचवण्याचा होता म्हणून ती क्षम्य होत नाही. अपहरणकर्त्याची शिक्षा मात्र कायम राहिली, कारण खटल्यात त्यानं पुन्हा स्वतःहून कबुली दिली होती आणि धमकीखालची विधानं न्यायालयानं वापरलीच नव्हती.

बॉम्बच्या उदाहरणात मला नेहमी एक गोष्ट खटकते. त्यात सगळं आधीच माहीत असतं: बॉम्ब आहे, माणूस तोच आहे, त्याला ठिकाण ठाऊक आहे, वेळ कमी आहे, आणि तो मारल्यावर खरंच बोलेल. प्रत्यक्षात यातलं एकही माहीत नसतं, तेच तर विचारायचं असतं. इब्न अल-शेख अल-लिबी नावाचा माणूस २००१च्या अखेरीस पकडला गेला, अमेरिकेनं त्याला इजिप्तच्या ताब्यात दिलं. तिथल्या छळाखाली तो म्हणाला की इराकनं अल-कायदाच्या लोकांना रासायनिक आणि जैविक शस्त्रांचं प्रशिक्षण दिलं. विचारणाऱ्यांना ऐकायचं होतं ते हेच. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत केलेल्या भाषणात ही माहिती होती. पुढच्या महिन्यात इराकवर युद्ध सुरू झालं. २००४ साली त्यानं ते विधान मागे घेतलं. युद्धाला इतरही कारणं पुढे केली होती, तो भाग वेगळा, पण "दोन कानफटात" कुठवर जातात ते बघा.

तळटीप यांच्या "हात लावणार नाही" या मुद्द्यावर: उत्तर आयर्लंडमध्ये १९७१ साली ब्रिटिशांनी काही कैद्यांवर हात लावायची गरज न पडणाऱ्या पाच गोष्टी वापरल्या. भिंतीला टेकून तासन् तास उभं करणं, डोक्यावर बुरखा, सतत कर्कश आवाज, झोप नाही, अन्नपाणी जेमतेम. युरोपीय न्यायालयानं १९७८ साली म्हटलं की हे अमानुष आणि अपमानास्पद आहे, पण छळ म्हणण्याइतकं तीव्र नाही. त्या एका शब्दाच्या आडोशानं पुढे अमेरिकेतल्या सरकारी वकिलांनी कैद्यांवरच्या सक्तीचं समर्थन करताना बराच पल्ला गाठला. संयुक्त राष्ट्रांचा १९८४चा छळविरोधी करार मात्र स्पष्ट आहे: युद्ध, आणीबाणी, वरिष्ठांचा हुकूम, काहीही सबब चालत नाही, आणि छळातून मिळालेलं विधान पुरावा म्हणून वापरता येत नाही. भारतानं १९९७ साली सही केली, पण मंजुरी अजून नाही.

खोटं बोलण्यावर देशोदेशी एकमत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६९ साली "तुझ्या नात्यातल्या भावानं सगळं सांगितलंय" अशी थाप मारून मिळवलेली कबुली चालवून घेतली. जर्मनीत फसवणूक करून घेतलेला जबाब कायद्यानंच बाद आहे. इलिनॉय आणि ओरेगन राज्यांनी २०२१ साली अल्पवयीनांशी असं खोटं बोलायला मनाई केली. भारतात पोलिसांसमोरची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, ही तरतूद १८७२च्या पुरावा कायद्यात होती आणि नव्या कायद्यातही राहिली. सक्तीची नार्को चाचणी सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली घटनाबाह्य ठरवली. अर्थात यातलं बरंचसं पोलिसांपुरतं. खात्याच्या चौकशीला फौजदारी खटल्याइतके कडक नियम नाहीत, म्हणून तर साहेबांना एवढं सुचतंय.

सडेतोड

फ्रँकफुर्टचं वाचलं. त्यात तुम्ही एक गाळलंत. उपाध्यक्षांना दोषी ठरवलं खरं, पण दंड स्थगित ठेवून ताकीद देऊन सोडलं. म्हणजे न्यायालयालाही आतून कळत होतं की हा माणूस वाईट नाही.

कलमदान

गाळलं खरं. आणि मला तो निकाल आवडतो. माणूस वाईट नव्हता, कृत्य गुन्हा होतं, दोन्ही एकाच कागदावर लिहिता आलं. जीव वाचवायला कायदा मोडला असं कुणाला वाटत असेल तर त्यानं येऊन पिंजऱ्यात उभं राहावं, कायद्यानं आधीच परवाना देऊ नये.

ध्वनिफीत

माझं काम वेगळं. मी आपत्ती आणि हिंसाचारातून वाचलेल्या लोकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करते. माझ्यासमोर बसणाऱ्यावर कसलाही आरोप नसतो, तरी तळटीप यांनी विचारलेला प्रश्न माझ्या खोलीतही असतोच.

आधी जुना_जबाब यांना पुस्ती जोडते. लॉफ्टस आणि पामर यांनी १९७४ साली लोकांना गाड्यांच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि विचारलं, वेग किती होता? काहींना "गाड्या आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा" असं विचारलं, काहींना "गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा". फीत तीच. पहिल्यांनी सरासरी ४०.८ मैल सांगितला, दुसऱ्यांनी ३१.८. पुढे दुसऱ्या गटांवर असाच प्रयोग केला आणि आठवड्यानं विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? काचा नव्हत्याच. "चक्काचूर" ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना त्या दिसल्या होत्या. इथे कुणी कुणाला घाबरवलं नव्हतं, आरोप करून काही कबूल करून घ्यायचा हेतूही नव्हता. एक क्रियापद बदललं होतं. म्हणून मी "तेव्हा खूप भीती वाटली असेल ना?" असं कधीच विचारत नाही. वाटली असेलच, पण मी म्हटल्यावर ती माझ्या मापाची होते.

पण काका, एका बाबतीत तुमच्याशी जमत नाही. तुमचा सगळा भर "दबावानं खरं कळत नाही" यावर आहे. समजा उद्या कुणी सिद्ध केलं की अमुक प्रकारे छळलं तर खरंच कळतं. मग काय? चालेल? छळ वाईट आहे तो निरुपयोगी आहे म्हणून नाही. आणि उलट बाजूनं, मऊ बोलणं चांगलं असतंच असंही नाही.

हान्स शार्फचं उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाच्या ओबरउर्सेल इथल्या केंद्रात तो पकडलेल्या अमेरिकी वैमानिकांशी बोलायचा. आवाज कधी चढवला नाही, हात कधी उगारला नाही, कैद्यांना रानात फिरायला न्यायचा. आपल्याला सगळं आधीच ठाऊक आहे असं भासवायचा. एकदा त्याला जाणून घ्यायचं होतं की अमेरिकी विमानांच्या गोळ्यांचा माग मध्येच लालऐवजी पांढरा का दिसतो. त्यानं विचारलंच नाही. सहज बोलता बोलता म्हणाला, तुमच्याकडे रसायनांची टंचाई झालेली दिसते, म्हणून रंग पांढरा झाला. वैमानिकानं चूक दुरुस्त केली: छे, गोळ्या संपत आल्या की वैमानिकाला कळावं म्हणून पांढरा. गेलं गुपित. युद्धानंतर अमेरिकेनंच त्याला व्याख्यानांना बोलावलं, पुढे तो तिथे स्थायिक होऊन मोझेकचं, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेल्या चित्रांचं, काम करत राहिला.

सगळे त्याचं कौतुक करतात. पण त्याच्या गोडव्याला पाठीमागून आधार कशाचा होता? ओळख पटवून दिली नाहीस तर तुला हेर समजून गेस्टापोकडे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांकडे, द्यावं लागेल, ही भीती तो समोर ठेवायचा. दरडावायला दुसरं खातं होतं, म्हणून याला हसता येत होतं. ताई, तुमच्या मुलाखतीतला गोड बोलणारा आणि आठ्या घालणारा आठवा.

माझ्यापुरता मी एक नियम ठेवलाय: मी जे करतेय ते समोरच्याला सांगून करता येतं का? "मी आता गप्प बसणार आहे, तुम्हाला आठवायला वेळ मिळावा म्हणून" हे मला सांगता येतं आणि मी सांगतेही. "मी गप्प बसणार आहे म्हणजे तुम्ही घाबरून नको ते बोलाल" हे सांगता येत नाही. दोन्ही वेळा खोलीत शांतताच असते. काही लोक बोलता बोलता रडतात, आणि ऐकणाऱ्याच्या दृष्टीनं तोच भाग सगळ्यांत जिवंत असतो हे मला माहीत असतं. तिथे मी यंत्राच्या बटणावर बोट ठेवून विचारते, थांबवू का? पुष्कळदा "नको, चालू राहू दे" म्हणतात. काही जण "थांबवा" म्हणतात आणि तो भाग मला मिळत नाही. नाही तर नाही. शेवटी फीत त्यांना ऐकवते, काढायचं ते काढू देते.

तुमच्या उमेदवाराला उठून जाता येतं असं कागदावर असतं. त्याला नोकरी हवी असते, तो कुठे जाणार? त्या कंत्राटी मुलाचं तर विचारूच नका.

जुना_जबाब

ध्वनिफीत, बाई, तुमचं बरोबर आहे. "चालत नाही" हा युक्तिवाद मी करतो तो साहेबलोकांसाठी. त्यांना "वाईट आहे" म्हटलं की ते हसतात, "केस पडेल" म्हटलं की ऐकतात. सवय लागली. मारून खरं काढलेलंही मी पाहिलंय. चोरीचा माल त्यानं सांगितला तिथेच सापडला. त्या दिवशी ठाण्यात सगळे खूश होते. तो माणूस मात्र नंतर आमच्यातल्या कुणाहीसमोर, साधं नाव विचारलं तरी, दोन्ही हात डोक्यावर घ्यायचा. माल सापडला म्हणून ते बरोबर झालं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही.

शार्फबद्दल एवढंच म्हणेन की आपल्याला माहीत आहे असं भासवणं आणि नसलेला पुरावा आहे म्हणणं यात मी फरक करतो. तुम्हाला तो पटणार नाही बहुतेक.

ध्वनिफीत

नाही पटत. पण तुम्ही खुर्ची दाराशी ठेवायला सांगितलीत, ते घेतलं.

तळटीप

सगळ्यांचे आभार. साहेबांशी बोलले. फुटेज नाही हे मी तिघांनाही पहिल्याच वाक्यात सांगणार आहे म्हटलं. ते म्हणाले, मग कबुली कशी मिळणार? मी म्हटलं, समितीला हार्ड डिस्क कुठे गेल्या ते शोधायला सांगितलंय, कबुली आणा असं आदेशात कुठेच लिहिलेलं नाही. आदेशाचा कागद काढून दाखवला. ते नाराज आहेत. बहुधा समितीवर आणखी एक सदस्य घालतील, "जरा कडक" असा. आला तर रेकॉर्डिंगसमोर कडक होईल.

तिघांसाठी प्रश्न एकच केलेत. पहिला: स्टोअरमध्ये शेवटचं गेलात तेव्हाचं, आत जाण्याआधीपासून बाहेर आल्यानंतरपर्यंत सगळं सांगा. दुसरा: तुमच्या किल्लीबद्दल सांगा. तिसरा अजून ठरत नाहीये. "तुम्हाला कुणावर संशय आहे का?" असं होतं, ते खोडलं. जुने दोघं कुणाचं नाव घेतील ते माहीतच आहे.

मुलाखतीतल्या आठ्यांच्या नाटकाबद्दल सहकाऱ्यांशी बोलायचंय. ते सोपं जाणार नाही, आठ्या घालणाऱ्याला ते काम फार आवडतं.

सडेतोड

मी असतो तर खडा टाकलाच असता. असो. काय झालं ते कळवा.

जुना_जबाब

खोडलंत ते छान केलंत. तिसऱ्याच्या जागी "या काळात स्टोअरमध्ये तुमच्याशिवाय कोण कोण, कशासाठी येऊन गेलं?" ठेवा. नाव घ्यायचं तर कामासकट घ्यावं लागतं, ते नंतर तपासता येतं.

आणि सोमवारच्या आधी दोन गोष्टी बघून ठेवा. डिस्क शेवटच्या मोजल्या कधी आणि कुणी, ती नोंदवही ताब्यात घ्या, झेरॉक्स नको, मूळ वही. दुसरं, किल्ली तिघांकडे "असते" म्हणता, म्हणजे तिघांच्या खिशात तीन असतात, की कुणाच्या तरी खणात एकच असते आणि तिघं नेतात? कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग नेमकं त्याच दिवसांत बंद होतं हे ज्याला ठाऊक होतं, त्या आयटीवाल्याला समितीनं बोलावलंय का?